सकाळपर्यंतचं पथ्य

॥ श्री गुरुबसवलिंगाय नमः ॥

लातूर,
१४ ऑगस्ट २०२४

चि. शरणम्मास अक्काचे अनेक आशीर्वाद वि. वि.

हैदराबादहून काल सुखरूप पोचले. घरातला फोन लेकाच्या, अमरेशच्या खिशात नाहीतर सूनबाई दामिनीच्या उशाशी, आणि बोलले की सगळं घर ऐकतं, म्हणून पत्र. तू जन्मभर शाळेत वह्या तपासल्यास, माझं शुद्धलेखन तेवढं तपासू नकोस.

तुझी सृष्टी खरंच मोठी डॉक्टरीण झाली. लहानपणी सुई बघून माझ्या पदरात लपणारी पोरगी, काल मलाच म्हणाली, मावशी, हात ढिला सोड. औषध टोचून दोन तास बसवून ठेवलं, मग त्या मशीनमध्ये निजवलं. गळ्यातली इष्टलिंगाची चांदीची डबी काढायला सांगितली तेव्हा मी अडून बसले. शेवटी तिनंच लिंग मऊ कापडात गुंडाळून माझ्या दंडाला बांधलं. हट्टी माणसाशी कसं वागावं हे ती तुझ्याकडून नक्कीच शिकलेली नाही.

निघताना तिनं अमरेशला बजावलं, की औषधात किरण असतात, दामिनीला सातवा महिना आहे, तेव्हा सकाळपर्यंत मावशीला वहिनीपासून लांब ठेव. म्हणून रात्री गच्चीवरच्या खोलीत निजले. ताट वर आलं. सासू झाल्यापासून इतकं आयतं कधी जेवले नव्हते. गर्भाशयाच्या तोंडाशी गाठ आहे हे घटकाभर विसरायला झालं. सोमवारपासून इथं लातुरातच किरणांचे शेक सुरू होतील.

लेकीला माझे आशीर्वाद सांग. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
नीलम्मा


नांदेड,
९ सप्टेंबर २०२४

ती. अक्कास शरणम्माचा सा. नमस्कार वि. वि.

तुझं कार्ड मिळालं. अजून वरच्याच खोलीत आहेस हे वाचून डोकं फिरलं. ते पथ्य एका रात्रीचं होतं! सृष्टीला पुन्हा विचारलं. ते औषध दुसऱ्या सकाळी अंगात उरतच नाही. आणि आता जे शेक घेतेस त्यांचे किरण मशीन बंद झालं की संपतात, ते तुझ्याबरोबर घरी येत नाहीत. मी अमरेशला फोन केला. हाव मावशी, कळतंय मला, पण जपलेलं बरं, असं म्हणून त्यानं फोन ठेवला.

तू त्या तपासणीचं विचारलंस, तर सांगते. गाठीत जिथं रक्त नीट पोचत नाही तिथं प्राणवायू कमी पडतो, आणि अशा जागी किरणांचा मार नीट बसत नाही. सृष्टीचं औषध नेमकं तिथंच जाऊन साचतं, म्हणून फोटोत ती जागा उजळते. तुझी गाठ निम्म्याहून जास्त उजळली अक्का. शेक लागू पडणारच नाहीत असं नाही, पण काम अवघड आहे. उपचार त्यावरून बदलणार नाहीत. हा अभ्यास आहे, त्याचा उपयोग झालाच तर पुढच्या बायकांना. हे तिनं संमतीच्या सहीच्या आधीच सांगितलं होतं.

तू खाली उतर. घर तुझं आहे. उत्तर लवकर पाठव, जीव तुझ्यात अडकलाय.

तुझी,
शरण


लातूर,
५ जानेवारी २०२५

चि. शरणम्मास अनेक आशीर्वाद वि. वि.

नात झाली ते तुला कळलंच. सव्वादोन महिन्यांची झाली. मी तिला जिन्याच्या वरच्या पायरीवरून बघते. केस दाट आहेत. बाकी मला तिचं काही माहीत नाही.

खाली उतर म्हणालीस. उतरले होते. दामिनीनं बाळ उचललं आणि आत गेली. तिच्या आईनं, कस्तुराबाईनं, हात जोडून मला सांगितलं, अक्का, लहान जीव हाय, किरणांचं भ्या वाटतंय. मी मनात म्हटलं, असेल, बाईमाणूस आहे, घाबरली असेल. आपल्या लिंगायतांत विटाळ पाळत नाहीत. महिन्याच्या चार दिवसांत मी कधी बाजूला बसले नाही, पूजा चुकवली नाही. ते बसणं आता म्हातारपणी वाट्याला आलं, एवढंच मनात आलं आणि जिना चढले.

पण गेल्या आठवड्यात दामिनीचा क्लास पुन्हा सुरू झाला. जिन्याखालच्या खोलीत बसून ती मोबाइलवरून पोरांना फिजिक्स शिकवते. आवाज वर येतो. किरण सोडणारा पदार्थ ठरावीक वेळानं निम्मा होतो, मग निम्म्याचा निम्मा, असं ती शिकवत होती. पोरांना समजावं म्हणून तिनं उदाहरण दिलं, की आमच्या घरात एक पेशंट आहे, त्यांना दुपारी असं औषध टोचलं होतं आणि सकाळपर्यंत ते नावालाही उरलं नव्हतं. ती फार छान शिकवते गं. मला सातवी पासला एका फटक्यात समजलं.

अडाणीपणानं केलं असतं तर मी सोडून दिलं असतं. अमरेशला वर बोलावून विचारलं. गच्चीच्या कठड्याकडं बघत म्हणाला, आई, वास येतो गं. दामिनीला सहन होत न्हाई. ज्याचं हगणंमुतणं मी ह्या हातांनी काढलं, त्यानं हे सांगितलं. मी दिवसातून तीनदा अंग धुते शरण, पण त्या दुखण्याचा वास धुऊन जात नाही.

परवा डॉक्टर म्हणाले, गाठ हलली नाही. आता मला बाकी काही नको. पोरीला एकदा मांडीवर घ्यायचं आहे.

लोभ असू दे, आता तो तुझ्याकडूनच मागते.

तुझी,
अक्का


नांदेड,
१३ जानेवारी २०२५

ती. अक्कास सा. न. वि. वि.

पत्र वाचून मी आणि सृष्टी दोघी रडलो. ती म्हणते, सकाळपर्यंत लांब ठेव हे वाक्य मी बोललेच नसते तर बरं झालं असतं. मी तिला म्हटलं, त्यांना दुसरं काहीतरी निमित्त सापडलंच असतं.

अमरेशला विचारलं तर म्हणाला, नाव ठेवणं आणि लिंगधारणा पुढच्या महिन्यात. त्या दिवशी मी येणार, न बोलावता येणार. आपल्या मठाच्या गुरुपादप्पा स्वामींसमोर पोरगी तुझ्या मांडीवर ठेवणार आणि मग कोण हात धरतं ते बघणार. तोवर जीव सांभाळ.

तुझी,
शरण


लातूर,
२० जानेवारी २०२५

चि. शरणम्मास अनेक आशीर्वाद वि. वि.

येण्याची तयारी करू नकोस. कार्यक्रम काल झाला. पुढच्या महिन्यात नव्हताच.

सकाळी अमरेश वर आला, चहा ठेवला आणि जाताना बाहेरून कडी लावली. वारा फार आहे म्हणाला. खाली माणसं जमली, शंख वाजला, पोरीच्या गळ्यात लिंग बांधलं. रडली थोडी. नाव कोणतं ठेवलं ते मला वर ऐकू आलं नाही.

मग गुरुपादप्पा स्वामींनी आजी कुठं आहे म्हणून विचारलं. त्यांचा आवाज खणखणीत. अमरेश म्हणाला, आई नांदेडला आहे, मावशीकडं, तिथं तिची बडदास्त चांगली होते. स्वामी म्हणाले, मग लेकराला नांदेडला न्या, आजीच्या मांडीवर ठेवा, त्याशिवाय हे कार्य पुरं होत नाही. अमरेश हाव म्हणाला. सगळ्यांनी ऐकलं.

मी ओरडू शकले असते. कडी होती, पण तोंड माझं होतं. जेवायच्या पंगती बसल्या होत्या, उठवाव्याशा वाटल्या नाहीत.

तर मी शनिवारच्या एसटीनं तुझ्याकडं येते. मरायला येते हे तुला कळलंच असेल. माझ्या लेकाला स्वामींपुढं खोटं पडू द्यायचं नाही. आणि पोरीला घेऊन ते येणार नाहीत हे मला पक्कं माहीत आहे. पण समज आले, आणि मी तिथं नसले, तर चूक माझीच ठरेल.

आहे तेवढा लोभ दाराशी घेऊन उभी राहा.

तुझी,
नीलम्मा