उच्चायुक्तांचा लवाजमा

ओटावा,
१२ जानेवारी १९८७

ती. इग्नेशियसदादास,
फिलोमीनचा शि. सा. न. वि. वि.

इकडे मी खुशाल. वहिनीने पाठवलेले कोकोचे गोळे पोचले. ते ज्या वर्तमानपत्रात बांधले होते त्यात तुझा फोटो निघाला. तेलाचा डाग नेमका कपाळावर पडला होता, तरी ओळखलं. खाली छापलं होतं की निवृत्त मुख्याध्यापक श्री. लाबाद यांची कॅनडात आपल्या देशाचे उच्चायुक्त म्हणून नेमणूक झाली आहे. अंक ऑगस्टचा. म्हणजे मी राहते त्याच देशात पाच महिने माझा सख्खा भाऊ उच्चायुक्त आहे आणि मला ते कोकोने कळवलं. अभिनंदन. राहायला तू अजून आपल्या बेटावर, मोर्न रूझलाच आहेस, कोंबड्यांच्या सहवासात. वहिनी लिहिते की कॅनडाखेरीज आणखी अकरा देश तुझ्या गळ्यात आहेत आणि त्यातल्या एकातही तू पाऊल टाकलेलं नाहीस. तब्येतीला हे बरंच.

आता कामाचं. माझ्या पासपोर्टाची मुदत नोव्हेंबरात संपली. मंत्रालयाला दोनदा लिहिलं. दोन्ही वेळा उत्तर आलं की परदेशातल्या नागरिकांनी त्या देशातल्या आपल्या उच्चायुक्तांकडे अर्ज करावा. तेव्हा महाराज, हा अर्ज. ओडीलचं लग्न ईस्टरनंतरच्या शनिवारी, २५ एप्रिलला आहे. पोर नऊ वर्षांची असताना तिचे वडील बुडाले, आणि मी तिला तुमच्या पदरात टाकून इकडे आले. आता ती एकवीस वर्षांची आहे. पहिली सहा वर्षं माझ्याकडे कागद नव्हते, पुढची सहा रजा आणि तिकीट कधी एकदम जमलं नाही. हे लग्न मात्र मी चुकवणार नाही.

आईला, आपल्या माला, नमस्कार सांग. लोभ आहे तेवढाच राहू दे, हुद्दा वाढला म्हणून वाढवू नकोस.

तुझी,
फिलोमीन

मोर्न रूझ,
२ फेब्रुवारी १९८७

चि. फिलोमीनला,
इग्नेशियसचे अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. अक्षर सुधारलं आहे, भाषा नाही. तुला कळवलं नाही, कारण मी अजून पुरता उच्चायुक्त झालेलो नाही. आपल्या सरकारचं अधिकारपत्र तिथल्या राजप्रतिनिधींच्या हाती समारंभाने दिल्याशिवाय माझी सही म्हणजे नुसती शाई. त्यासाठी तिथे यावं लागतं, आणि मंत्रालयाला वर्षाकाठी परदेशाचं एकच तिकीट मिळतं. आपलं मंत्रालय तुला ठाऊक आहे. खोबरेल सोसायटीच्या माडीवर दोन खोल्या. एकीत मंत्री, दुसरीत सचिव मिसेस टूसाँ. त्या टेलिफोन घेतात, आणि मंत्री मासेमारीला गेले की मंत्रीही होतात. एप्रिलमध्ये न्यूयॉर्कला केळ्यांची परिषद आहे, तिच्याच तिकिटाला ओटावा जोडून मिळालं. समारंभ १ एप्रिलला. तारीख मी निवडलेली नाही.

एक अडचण आहे. कॅनडावाल्यांनी माझ्या लवाजम्याची यादी मागितली. इतर देशांचे लोक पाच-सहा अधिकारी घेऊन जातात म्हणे. माझ्याकडे तू आहेस. तेव्हा ‘प्रथम सचिव’ म्हणून तुझं नाव कळवलं. विचारायला वेळ नव्हता. उच्चायुक्तालयाचा पत्ताही हवा होता, तो तुझाच दिला. कोरे पासपोर्ट आणि शिक्का घेऊन येतो. समारंभ आटोपला की पहिली सही तुझ्या पासपोर्टावर. हॉटेलची तरतूद नाही, तुझ्या कोचावर झोपेन. एखादा गरम कोट पाहून ठेव, छाती बेचाळीस.

मा दोन्ही वेळ व्यवस्थित जेवते. लहान असून मोठ्यांना टोमणे मारू नयेत, एवढं पाळशील तर आशीर्वाद आहेतच.

तुझा,
इग्नेशियस

ओटावा,
२० फेब्रुवारी १९८७

ती. दादास,
प्रथम सचिवांचा शि. सा. न. वि. वि.

कोच तयार आहे. मधली स्प्रिंग वर आली आहे, तिला बगल देऊन झोप. रुग्णालयाच्या धुलाईखान्यात मुकादमबाईंना सांगितलं की एक तारखेला रजा हवी, मी आमच्या देशाची प्रथम सचिव आहे. त्या म्हणाल्या की सचिव असलीस तरी चादरी कोण धुणार. रजा दिली, पण अर्धीच.

पत्त्याचं म्हणशील तर त्यात नवीन काही नाही. बारा वर्षं आपली माणसं माझ्याच स्वयंपाकघरात येतात. सफरचंदाच्या बागेत युस्टेसचा हात मोडला तेव्हा तो इथेच राहिला. अजून दर रविवारी येतो आणि भाजलेला मासा माझ्याआधी संपवतो. कथबर्ट वारला तेव्हा त्याची शवपेटी घरी पाठवायचे कागद मीच भरले. ‘देशाचे प्रतिनिधी’ या रकान्यात मीच सही ठोकली. कुणी विचारलं नाही आणि आपल्या बाजूचं विचारायला कुणी नव्हतंच. तू तेव्हा मुलांना भूगोल शिकवत होतास.

कोट चर्चच्या दानातून मिळवला आहे. कुणा पोलिसाचा असावा, उच्चायुक्ताला शोभेल. पासपोर्ट विसरू नकोस, बाकी काहीही विसर.

तुझी,
फिलोमीन

न्यूयॉर्क,
५ एप्रिल १९८७

चि. फिलोमीनला,
अनेक आशीर्वाद.

समारंभ नीट पार पडला. समारंभाला नेणाऱ्या त्यांच्या घोडागाडीत तू रडलीस, हे मी कुणाला सांगणार नाही. माझा आवाज कापत होता असं तू म्हणालीस, ते थंडीमुळे. समारंभानंतरचा चहा लांबला आणि विमान गाठताना तुझ्या पासपोर्टावर सही राहिली, याची मला लाज वाटते. शिक्का आणि कोरे पासपोर्ट तुझ्या टेबलावरच राहिले आहेत. नियमाप्रमाणे मी कॅनडाबाहेर असताना कारभार प्रथम सचिवाकडे येतो, तेव्हा सह्यांचे अधिकार तुझ्याकडे. युस्टेस वगैरेंचे अर्ज उरकून टाक.

आता मन घट्ट कर. मिसेस टूसाँचा फोन आला होता. मोर्न रूझच्या बंदराच्या धक्क्यासाठी मदत मागायला पंतप्रधान २४ तारखेला ओटावात येत आहेत. उच्चायुक्तालयातून त्यांना घ्यायला कुणीतरी हवंच, आणि मला पुन्हा तिकीट नाही. धक्का झाला तर आपल्या होड्या वाचतील, हे तुला मी सांगायला नको. तुला येता येणार नाही, फिलो. मला फार वाईट वाटतं. ओडीलला वेदीपर्यंत मी नेईन. तुझ्या वतीने उभा राहीन, तुझा संदेश वाचेन. दोन पानं लिहून पाठव, शब्द मी सुधारेन. पंधरा तारखेपर्यंत इथेच आहे.

राग धरू नये, एवढंच मागतो.

तुझा,
इग्नेशियस

ओटावा,
९ एप्रिल १९८७

ती. दादास,
हंगामी उच्चायुक्तांचा शि. सा. न. वि. वि.

अर्ज उरकले. पहिला माझा. फोटोतली व्यक्ती माझ्या ओळखीची असल्याचं प्रमाणित करायचं होतं, म्हणून आरशात जाऊन खात्री केली आणि शिक्का मारला. मग युस्टेसला द्वितीय सचिव नेमलं आणि त्याचं नाव इथे कळवून टाकलं. विचारायला वेळ नव्हता. पंतप्रधानांना तो घ्यायला जाईल, तुझ्या पोलिसी कोटात. धक्का नसल्यामुळे गावी त्याच्या दोन होड्या फुटल्या आहेत. त्याच्याइतकं कळवळून मदत मागणारा माणूस साऱ्या मंत्रालयात सापडणार नाही. मिसेस टूसाँना हे तूच सांग, तुला भाषा येते.

संदेश पाठवत नाही. दादा, बारा वर्षं तिथे माझे प्रतिनिधीच आहेत. चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनला वहिनी, गोवराच्या तापात उशाशी मा, परीक्षेच्या निकालाला तू. तुम्ही काम चोख केलंत, मला जमलं असतं त्याहून चांगलं, आणि हे मी चेष्टेत म्हणत नाही. पण मागच्या पत्रात ओडीलने मायना लिहिला, ‘आदरणीय आई’. तो वाचून मी धुलाईखान्यात चादरीत तोंड खुपसून रडले. देशाचं प्रतिनिधींवर भागतं. तिचं आता भागायचं नाही, माझंही नाही.

२१ तारखेच्या दुपारच्या विमानाने येते. न्यायला दुसऱ्या कुणाला धाडू नकोस, ओडीलला घेऊन तू स्वतः ये. तिने मला ओळखलं नाही, तर शेजारी उभा राहा आणि तिला सांग की हीच.

तुझी धाकटी,
फिलोमीन