द्राक्षासव नव्हे, सापेरावी

मी, श्रीमती विजया मार्तंड पुराणिक, वय ७८, राहणार आखाडा बाळापूर, ता. कळमनुरी, जि. हिंगोली, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाविना, पूर्ण शुद्धीत आणि चष्मा लावून लिहीत आहे. सकाळपासून चहाखेरीज काही घेतलेलं नाही. हे मुद्दाम नमूद करते, कारण पुढचा मजकूर वाचून कोणालाही शंका येईल.

१. राहतं घर मुलगा पुष्कर याचं. डोंगरकड्याच्या देवळातली पूजा सांभाळून त्यानं माझ्या औषधपाण्यात कधी कसूर केली नाही. मी त्याची ऋणी आहे.

२. त्याची मुलगी देवश्री जॉर्जिया देशात डॉक्टरकी शिकत होती. पहिल्या सुट्टीत तिनं बाटली आणली. "आजी, द्राक्षांचं आहे," म्हणाली. मी द्राक्षासव समजले! जेवणानंतर दोन चमचे, तितकंच पाणी घालून, असं बरेच दिवस चाललं. शेवटी यांनी चव घेतली. "अगं, पाणी काहून घालून राहिलीस? ही वाईन आहे!" मी चमचा खाली ठेवला, आणि हे हसून हसून बेजार.

मग आम्ही दोघांनी रीतसर परवाना काढला. त्या पहिल्या बाटलीतल्या, सापेरावी नावाच्या द्राक्षाचा गरसुद्धा लाल असतो, जांभूळ खाल्ल्यागत जीभ रंगते. पुढं देवश्रीनं तुर्कस्तानातलं ओकुझगोझू आणलं. नावाचा अर्थ बैलाचा डोळा, म्हणून यांचं ते लाडकं. हंगेरीची कादारका हलकी, किंचित तिखट, ती माझी. नांदेडपलीकडं कधी न गेलेल्या आम्हाला नातीनं उतारवयात किती मुलूख चाखवले! हे गेले ते समाधानानं गेले. देवश्रीचे उपकार फिटायचे नाहीत.

पुष्करनं मात्र पुजाऱ्याच्या घरात दारू आणली म्हणून लेकीशी बोलणं टाकलं.

३. कपाटातल्या शिल्लक बाटल्या, पेले आणि बूच काढायचा स्क्रू देवश्रीला. कोणीही त्या मोरीत ओतू नयेत. "पुराणिकांची म्हातारी पिते" असं गल्लीभर सांगणाऱ्या संगीताबाईंना द्राक्षासवाची रिकामी बाटली, धुऊन द्यावी.

४. पुष्कर, तू थेंबही घेऊ नकोस, पण लेकीशी बोल. माझ्यामागं तुम्हा दोघांच्या मध्ये कोण पडणार, याच काळजीनं मला झोप लागत नाही.

५. वरील मसुदा काल पुष्करला वाचायला दिला. तो घेऊन गेला. आज आला तो सरळ कपाटापाशी. उभ्या बाटल्या एकेक करून आडव्या ठेवू लागला.

"हे काय करून राहिलास रे?"

"उभ्या ठेवल्या की बूच वाळतं, आई."

"तुला कोणी सांगितलं?"

"देवश्रीनं. फोन केला होता मी."

सबब कलम ४ रद्द समजावे.

ठिकाण: आखाडा बाळापूर
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२६
सही: विजया मार्तंड पुराणिक

आमच्यासमक्ष सही केली:
१. ॲड. नचिकेत पाठक, कळमनुरी
२. रतनसिंग ठाकूर, वारंगा फाटा