नऊ सकाळींचा पाऊस

बोट्सफ्योर्ड, मंगळवार

प्रिय आई,

रागनफ्रिडताईचं पत्र मिळालं. सोमवारी हवामान खात्याचा माणूस आपल्या मळ्यावर येतोय, तीस वर्षं एकही सकाळ न चुकवता पाऊस मोजलास म्हणून पदक घेऊन. तू तोंडाने 'कशाला हवंय ते' म्हणतेस आणि पडदे मात्र धुवायला काढलेस, असं ताई लिहिते. हसलो. मग दोन दिवस जेवण गोड लागेना. तो माणूस यायच्या आधी हे पत्र तुझ्या हातात पडलं पाहिजे.

मी बरा आहे. ही चौथी बोट. हिच्यावर टिकेन असं वाटतंय. कप्तान आर्न्युल्फ मला दर तासाला हवेचा दाब वाचायला लावतो. काटा उतरायला लागला की जाळी वर घ्यायची, एवढं साधं. परवा थंडीने बोटं वाकत नव्हती, उठायचा कंटाळा आला, म्हणून मागचाच आकडा पुन्हा ओरडलो. म्हातारा म्हणाला, "काय पंडित, हवा झोपली का रे?" आणि स्वतः जाऊन बघून आला. काटा चार रेघा खाली! जाळी ओढली, निभावलं. रागावला नाही. एवढंच म्हणाला, "बघितलं नसेल तर बघितलं नाही म्हण. मग मी तरी बघेन."

आई, तू पित्ताशयाच्या ऑपरेशनला गेलीस तेव्हा मी सोळाचा होतो. रोज सकाळी आठला अंगणातल्या पावसाच्या डब्यातलं पाणी काचेच्या नळीत ओतायचं, डोळ्यांसमोर धरून रेघ वाचायची, बर्फ असला तर आधी वितळवायचा, सगळं शिकवून गेलीस. पहिल्याच सकाळी बाहेर चिखल, आणि अंथरूण कसं उबदार. खिडकीतून बघितलं आणि वहीत लिहिलं, चार मिलिमीटर. दुसऱ्या दिवशी सहा. रिमझिम होती त्या दिवशी शून्य. नऊ सकाळी असंच. घरी आल्यावर तू वही चाळलीस आणि शेजारच्या ओलाउगला म्हणालीस, "बघ गं, माझा पोरगा!" मी गोठ्यात निघून गेलो. त्यानंतर घरात फार टिकलो नाही, ते तुला माहीतच आहे.

तू यायच्या आदल्या दिवशी मात्र मी डबा मोजला होता. नऊ दिवसांचं मिळून एकाहत्तर मिलिमीटर. माझ्या वहीतली बेरीज अठ्ठेचाळीस. घाबरून पाणी गवतावर ओतून दिलं. हे सगळं तारखांसकट मी काल खात्याला लिहून पाठवलंय. आता पदक देतात की नाही, ठाऊक नाही. पण त्या माणसाने दारात उभं राहून सांगण्याआधी तुला माझ्याकडून कळावं. ते नऊ आकडे खोड, आई. एकाहत्तर तेवढा खरा आहे. तो लिही.

उत्तर रागाचं आलं तरी चालेल.

तुझाच,
टोर्लाइव्ह