किल्ल्यावरची दुसरी हाक

मु. बुरुजवाडी, ता. अंबड
२६ मे १९७४

ती. अक्कास,
सर्जेरावचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

पत्राला फार उशीर झाला, माफ कर. आज चहाची बशी न सांडता धरता आली, म्हणून लिहायला बसलो. माझे शिक्षण निजामी शाळेत चौथीपर्यंत, तेही उर्दूत. ऱ्हस्वदीर्घ सांभाळून घे.

नात शिवकन्या सातवी पास झाली. मुलींचा पुढचा वर्ग आपल्याच गावात निघतो आहे, पण छप्पर शाबूत असलेली जागा एकच, किल्ल्यातली पलटणीची जुनी बराक. आणि तिथे जमादाराचे भूत. अमावस्येला तो बूट वाजवत पहारा देतो, हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे. गाव पोरी पाठवायला बिलकुल तयार नाही. हेडमास्तरांनी तोड काढली की, ज्या घरची पोर शिकणार त्या घरच्या माणसाने अमावस्येची रात्र किल्ल्यावर काढायची आणि खरे काय ते सभेत सांगायचे. वर्ग निघाला नाही तर शिवकन्येचे लग्न उरकतो, असे तिचा बाप म्हणतो. तो स्वतः मात्र त्या दिवशी नेमका जालन्याच्या बाजाराला गेला. उरलो मी.

संध्याकाळी भीतीने घास उतरेना. उपास आहे असे तुझ्या भावजयीला, झुंबरला सांगून निघालो. सोबत शेजारचा कडूबा. खिशात लिंबू, कमरेला बिब्बा, खांद्यावर पांढरी पासोडी. कडूबा दरवाजात बसला आणि बसल्या बसल्या घोरू लागला. मी वर बराकीसमोर. मध्यरात्री पायऱ्यांकडून घुमल्यासारखी हाक आली, अवो. जरा वेळाने पुन्हा, अवो. भूत दोनदाच हाक मारते, तिसरी आल्याशिवाय ओ द्यायची नाही, हे तूच मला शिकवलेस. मी पासोडी डोक्यावरून घेतली, गुडघ्यांत मान घातली आणि मारुतीचे नाव घेत बसलो. तिसरी हाक आलीच नाही. उलट ठण ठण करत जमादाराचे बूट पायऱ्या उतरून गेले.

पुढच्या सोमवारी सभा आहे. खोटे बोलवत नाही आणि खरे बोललो तर पोरीचे पुस्तक मिटते. त्यात झुंबरचे काही बिनसले आहे. सकाळी मी घरी आलो तर चूल सोडून माझ्या पायांकडेच बघत राहिली, आणि रेणुकाईचा नवस आहे म्हणून तुझ्याकडे निघून आली. मी काय करू ते कळव.

तुझा भित्रा भाऊ,
सर्जेराव


पिंपळगाव रेणुकाई
२९ मे १९७४

चि. सर्जेरावास,
गिरिजाचे अनेक आशीर्वाद.

सूनबाई लिहिते आहे, शब्द माझे आहेत. लिहिताना ती हसून राह्यली, म्हणून अक्षर वाकडे.

झुंबर सुखरूप आहे. चार घास पोटात गेल्यावर तोंड उघडले. उपाशी गेलास म्हणून ती डब्यात भाकरी-ठेचा घेऊन एकटी किल्ला चढली होती. दरवाजात कडूबाचे घोरणे ऐकून तिला वाटले जनावर आहे, म्हणून कंदील विझवून भिंतीच्या कडेने वर आली. बघते तो बिनमुंडक्याचे पांढरे गाठोडे, आणि आतून काहीतरी गुणगुणते आहे. तिने दोनदा हाक मारली. ओ नाही. मंग तिसरी मारायची तिची छाती झाली न्हाई. हातातला डबा सुटला, तेच तुझे जमादाराचे बूट. सकाळी घरी आला तो तू की ते गाठोडे, हे तिला कळेना. भुताचे पाय उलटे असतात, म्हणून ती पाय बघत होती. तुझ्या धोतरात टाचा झाकल्या गेल्या, त्यामुळे खात्री पटली नाही.

अरे, साठी उलटली तुझी. पलटणीचा जमादार तुला अवो म्हणेल का? जगात तुला अवो म्हणणारे माणूस एकच आहे.

पण सांभाळून. सभेत तिचे नाव निघून गाव हसले, तर ती परत येणार नाही म्हणते. आता तुझे तू बघ.

तुझी अक्का


बुरुजवाडी
४ जून १९७४

ती. अक्कास, सा. न. वि. वि.

तुझे पत्र वाचल्यावर आधी स्वतःचे पाय बघितले. सरळ आहेत.

काल सभेत उभा राहिलो आणि सांगितले की किल्ल्यावर भूत होते, ते मीच. पासोडी घेऊन बसूनही दाखवले. गाव पोट धरून हसले. कडूबा सर्वांत जास्त, मग मी त्याच्या घोरण्याचे सांगितले. बुटांचा पुरावा म्हणून पायऱ्यांखाली सापडलेला डबा सोबत नेला होता. झुंबरचे नाव झाकून ठेवायचे पक्के ठरवले होते. पण माझी अक्कल बघ, तो डबा तिच्या रुखवताचा, त्यावर तिचे नाव कोरलेले. बायकांत बसलेल्या सोनूबाईने तो हातात घेऊन उलटा केला आणि हा तर झुंबरचा, असे म्हणाली.

मग लपवण्यासारखे उरले नाही. म्हणालो, आम्ही दोघे बाप्ये जोडीने गेलो, एक झोपला, एक पासोडीत लपला. अमावस्येच्या रात्री भाकरी घेऊन एकटी आली ती झुंबरच. तेव्हा कोणी हसले नाही. झुंबर रात्री एकटी चढते तर आमच्या पोरी दिवसा का जाणार नाहीत, असे सोनूबाईने विचारले. तेवढ्यावर वर्ग ठरला. शिवकन्येचे नाव पहिले लागले.

झुंबरला सांग, गाव हसले ते मला. डब्याला पोचा पडला होता, तो ठोकून घेतला. भाकरी सध्या मीच थापतो, ती बघून जमादारसुद्धा पळेल. आता ती कुठूनही हाक मारो, पहिल्याच हाकेला ओ देईन. रोज फाट्यावर जाऊन उभा राहतो. ती कोणत्या एसटीने येते तेवढे जल्दी कळव.

तुझा,
सर्जेराव