ऑलिव्हच्या बांधावरची झुडपं

बाबा, मे महिन्यातल्या एका रविवारी मी तुमची नोकरी माझी म्हणून सांगितली. ज्यांना सांगितली ते सगळे परके होते, त्यामुळे तिथल्या तिथे कोणी हटकलं नाही. एकटी तुमची नात तेवढी ओळखीची होती, आणि ती माझ्या शेजारीच बसली होती. ती तुम्ही गेल्यानंतर जन्मली. तुमचा फोटो सोडला तर तिने तुम्हाला पाहिलेलं नाही.

इथे सिंगापुरात, मरीन परेडला तिच्या मैत्रिणीचं घर आहे. मैत्रिणीची आई मूळची ग्रीसची. तिचे वडील महिनाभर लेकीकडे राहायला आले होते, म्हणून तिने आम्हाला जेवायला बोलावलं. तुमची सून पुण्याला गेलेली, त्यामुळे आम्ही बापलेकच गेलो. त्या ग्रीक आजोबांची गावाकडे ऑलिव्हची बाग आहे. इंग्रजी त्यांना जेमतेम येतं, लेक भाषांतर करत होती. जेवण झाल्यावर त्यांनी फोनवर बागेचे फोटो दाखवले, आणि झाडं भराभर पुढे सरकवून बांधावरच्या एका पिवळ्या फुलांच्या झुडपापाशी थांबले. हे रानटी झुडूप, चिकट पानांचं, गुरंसुद्धा तोंड लावत नाहीत. याच्या फुलांत एक माशी गाठी करते. त्या गाठीतल्या अळीवर एक अगदी बारीक गांधीलमाशी वाढते आणि हिवाळा तिथेच काढते. उन्हाळ्यात तीच उडून ऑलिव्हवर जाते आणि फळ पोखरणाऱ्या दुसऱ्या एका माशीच्या अळ्या संपवते. "सगळ्या संपत नाहीत," लेक म्हणाली, "पण बाबा म्हणतात, बांध साफ केला की त्रास वाढतो."

मी ऐकतोय, आणि डोळ्यांसमोर परभणीच्या क्वार्टरमधला आपला ओटा. काचेच्या बरण्यांत कपाशीची किडकी बोंडं, तोंडाला मलमलचं फडकं आणि वर रबर. आई चिडायची, लोणच्यालासुद्धा बरणी उरली नाही म्हणून. एकदा शाळेतून आलो तर तुम्ही मला खांद्याला धरून बरणीपुढे उभं केलंत. आत बोंडअळीचं नुसतं साल पडलेलं होतं आणि फडक्याच्या आतल्या बाजूला मुंगीएवढी एक माशी चालत होती. "ही अळीतून निघाली," तुम्ही म्हणालात, "आता हिला बाहेर खायला काय आहे, ते सांग." मग तुम्ही मला तुम्ही शिकवायचात त्या कृषी कॉलेजच्या शेतावर नेलंत. कपाशीच्या कडेने चवळी लावलेली होती, चवळीवर मावा होता, मावा खायला लाल, काळ्या ठिपक्यांचे भुंगेरे होते आणि बांधावर गाजरगवत सोडून जे जे फुलतं ते तुम्ही मुद्दाम राखलेलं होतं. मला तहान लागली होती आणि क्रिकेटची वेळ टळत होती. मी हो हो म्हणत राहिलो.

तर मी त्या आजोबांना म्हणालो, मला हे माहीत आहे. त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि विचारलं, तुम्ही काय करता? आणि मी म्हणालो, "मी कीटकशास्त्र शिकवतो."

खरं म्हणजे मी रोज सकाळी गळ्यात पास अडकवून कंपनीच्या बसने जुरोंग आयलंडला जातो. आमच्या प्लांटमध्ये कीटकनाशकाचा मूळ घटक तयार होतो. ही नोकरी धरली तेव्हा तुम्ही रागावला नव्हतात. पेढा घेतलात आणि म्हणालात, "तिथे मास्क नीट लावत जा." त्यापेक्षा चार शब्द ऐकवले असतेत तर बरं झालं असतं.

आजोबांचा चेहरा उजळला. त्यांच्या मुलाला बांध साफ करून मशीन वळवायला जागा करायची होती, आणि बापाचं तो ऐकत नव्हता. त्यांनी तिथल्या तिथे व्हिडिओ कॉल लावला आणि फोन माझ्या हातात दिला. मी बोललो, बाबा. तुमच्यासारखा बोटांची टोकं जुळवून बोललो. कपाशीचं उदाहरण दिलं, चवळीचं दिलं. मुलाने विचारलं, याचा गुण कधी येईल? मी बेधडक सांगून टाकलं, दोन-तीन हंगाम धीर धरा. तो म्हणाला, "प्रोफेसर सांगतायत तर ठेवतो."

परतताना स्टीव्हन्स स्टेशनला आम्ही मेट्रो बदलली. मग तुमची नात तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "पप्पा, यू मेक द स्प्रे, व्हॉट. ही बिलीव्ह्ड यू लाह." मी म्हणालो, सांगितलं ते सगळं खरंच होतं. तिने कानात इअरफोन घातले. बुकित पंजांगला उतरून एलआरटीच्या छोट्या गाडीत बसलो तेव्हा ती मुद्दाम पुढच्या सीटवर जाऊन बसली. पुढे कित्येक दिवस जेवताना ती माझ्याशी कामापुरतंच बोलत होती.

आजोबा मायदेशी गेले. सप्टेंबरात त्यांच्या लेकीचा मेसेज आला: फळाला माशी लागली आहे, भाऊ विचारतोय, प्रोफेसर काय म्हणतात? मी उत्तर लिहिलं नाही. संध्याकाळी उठून मरीन परेडला गेलो आणि दारातच तिला खरं सांगितलं. तिने मला आत बोलावलं, पण बसा म्हणाली नाही. "मग बांधाबद्दल सांगितलंत ते?" मी म्हणालो, ते माझ्या वडिलांचं काम होतं, त्यात खोटं नाही. "मग हे माझ्या भावाला तुम्हीच सांगा," ती म्हणाली आणि फोन लावला.

मी कोण आहे ते त्याला सांगितलं. तो ओरडला नाही. फोनवर वाऱ्याचा आवाज येत होता, बागेतच उभा असावा. मग त्याने विचारलं, "माशी आल्यावर तुमच्या वडिलांनी काय केलं असतं? तरीही फवारलं नसतं?" मला सांगता येईना. वाईट वर्षी तुम्ही काय करायचात? बांध राखूनही अळी पडली तेव्हा शेतकऱ्याला काय तोंड दाखवायचात? हे तुम्हाला मी कधी विचारलंच नव्हतं. तसंच त्याला सांगितलं. त्याने फवारणी केली आणि एका बाजूचा बांध साफ केला. दुसरा राहिलाय, तोही वडिलांच्या हट्टाने. आजोबांनी नंतर मला काही निरोप पाठवला नाही.

घरी आल्यावर मुलीला हे सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, "ओके" म्हणाली आणि माझ्यासाठी झाकून ठेवलेलं ताट पुढे सरकवलं. हे पत्र तिला दाखवणार नाही. तिला मराठी वाचता येत नाही, पण मोठ्याने वाचून दाखव म्हणेल, आणि एक गोष्ट मला तिच्यासमोर वाचता येणार नाही. त्या फोनवर मला प्रोफेसर म्हणत होते ना, बाबा, तेवढा वेळ मला शरम वाटली नव्हती. मी फार खूश होतो.