जिन्याने चढणारा माणूस

३ फेब्रुवारी

चि. भुंग्यास,
ताईचे अनेक आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. इकडे सगळे मजेत. तुझ्या भावजींचा खोकला गेला, भाचीची परीक्षा तोंडावर आली आहे आणि बाल्कनीतल्या कुंड्या या वर्षी माझ्यावर रुसल्या आहेत.

एक विचारायचं होतं. पाकीट तूच चिकटवलंस ना? या वेळी डिंक अगदी कडेपर्यंत होता. तुझी पाकिटं नेहमी अर्धवट उघडीच येतात. नसेल चिकटवलं तर तसं कळव, आणि कळवताना पाकीट नीट चिकटव.

हे पत्र कोऱ्या कागदावर आहे, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. ऑफिसातल्या बिघडलेल्या दाखल्यांच्या पाठीवर लिहायची सवय मी सोडली. का, ते विचारू नकोस. फोनवर तर मुळीच विचारू नकोस. आमचे कॉम्प्युटर बघणारे गृहस्थ म्हणतात, फोन बंद असला तरी ऐकतो. खरं-खोटं त्यांनाच ठाऊक, पण मी हल्ली फोन उशीखाली ठेवते.

तुझा लिफ्टवाला विनोद फार गाजतोय म्हणे. 'म्हणे' अशासाठी, की आमच्या ऑफिसात तो कुणीच ऐकलेला नाही. पाठ सगळ्यांना आहे, ऐकलेला मात्र कुणी नाही. परवा पाण्याच्या पिंपाजवळ एक जण सहज बोलून गेला, "वर सगळं ठीक आहे का?" तर चौघांनी एकदम माना खाली घातल्या आणि पेले विसळायला लागले.

तू स्टेजवर सांगतोस ते असं, की लिफ्ट तपासायला आलेले साहेब तळमजल्यावरच उभे राहतात, वर तोंड करून ओरडतात, "वर सगळं ठीक आहे काऽऽ?" वरून त्यांचाच आवाज घुमून येतो, "ठीक आहे काऽऽ?" मग साहेब म्हणतात, "बघा, वरच्यालाही शंका नाही, मारा शिक्का!" आणि शेवटी सांगतोस, "त्या ऑफिसातला एक माणूस मात्र स्वतः रोज जिन्याने चढतो. का, ते त्यालाच विचारा." इथे म्हणे लोक खुर्च्यांवरून खाली येतात.

आता गावातल्या प्रत्येक लिफ्टमध्ये फ्रेम करून टांगलेला जो दाखला असतो, तो आमच्याच ऑफिसातून जातो. मोठे साहेब खालूनच ओरडतात, ही गोष्ट ऑफिसाबाहेर कुणाला कळायचं कारण नव्हतं. तेव्हा तुला हे कोण सांगतं? मोठ्या बहिणीने विचारलं की सांगावं. तू लिहून सांग, कुणी सांगितलं नाही, मीच मनाने रचलं. असं एक पत्र माझ्याकडे असलेलं बरं.

तो विनोद बाहेर आल्यापासून आमच्याकडे गंमतच झाली आहे. जिन्याने चढायची कुणाची छाती नाही. सहा माणसांच्या लिफ्टमध्ये आम्ही नऊ-नऊ जण घुसतो. अख्खं लिफ्ट तपासणी कार्यालय जीव मुठीत धरून तीन मजले वर जातं, आणि दार उघडलं की एकमेकांकडे बघून हसतं, जणू काही फारच सुखाचा प्रवास झाला. मीसुद्धा लिफ्टनेच जाते. डोळे मिटून जाते.

एकटे दप्तरकाका अजून जिन्याने येतात. आमचे रेकॉर्ड सांभाळणारे म्हातारे गृहस्थ, मागे मी तुला लिहिलं होतं त्यांच्याविषयी, फाइल शोधताना गाणं म्हणणारे. डॉक्टरांनी गुडघ्यासाठी जिना चढायला सांगितलाय, म्हणून चढतात बिचारे. निवृत्तीला आठ महिने उरलेत. मी त्यांना हळूच म्हटलं, "काका, हल्ली लिफ्टने येत जा." तर म्हणाले, "अगं, त्या लिफ्टला कुणी तपासलंय?" आणि स्वतःच खो खो हसले. शिपाई शेजारीच उभा होता. त्याने ऐकलं, असं मला वाटतं.

माझी जुनी पत्रं जाळून टाक. सगळी. सही करत नाही, अक्षर ओळखशील.

---

१२ फेब्रुवारी

भुंग्या,
आशीर्वाद वगैरे आहेतच.

तुझं उत्तर वाचलं. पत्रं जाळलीस, बरं केलंस. पण "ताई, तू कशाला घाबरतेस, सगळे हसून विसरून जातात" असं जे लिहिलंस, ते वाचून मला तुझी कीव आली. तू स्टेजवरून फक्त हसणारे लोक बघतोस. त्यातले काही जण दुसरे कोण कोण हसतात ते बघायला येतात, हे तुला तिथून दिसत नसणार.

सोमवारी साहेबांनी सगळ्यांना मोठ्या खोलीत बोलावलं. टेबलावर एक स्पीकर ठेवलेला. साहेब आमच्याकडे तोंड करून बसले, हातात कागद-पेन्सिल. म्हणाले, "एक चीज ऐकवतो. मोकळेपणाने ऐका." आणि तुझा विनोद लावला.

तेवीस माणसं बसलेली. कुणी छताकडे बघतंय, कुणी नखं. मला एकदम कळलं, कोण हसतं हे साहेबांना बघायचंच नाहीये. कोण *कधी* हसतं, ते बघायचंय. ज्याला विनोद आधीपासून ठाऊक, तो शेवटच्या वाक्याच्या आधीच हसणार. मी जीभ दातांखाली धरली. साहेबांचा आवाज घुमून परत येतो त्या जागेच्या थोडं आधीच, तू नुसता श्वास घेतलास तिथे, मागच्या रांगेतून दप्तरकाका फिस्सकन हसले.

झालं. चोर सापडला. विनोद पाठ, जिन्याने चढतो, शिपायाची साक्ष. काकांना कामावरून थांबवलंय, बावीस तारखेला चौकशी आहे. म्हणजे चौकशीचं नाटक, निकाल टाइप करून तयार आहे. बडतर्फ झाले तर चौतीस वर्षांच्या नोकरीवर पाणी, पेन्शन गेली, आणि 'घरचा भेदी' हे नाव वर.

काकांना विनोद पाठ कसा, ते मला माहीत आहे. तू मला दोन पास पाठवले होतेस. मी यायला घाबरले, कुणी बघितलं तर? तू माझा भाऊ आहेस हे इथे कुणाला ठाऊक नाही. तू स्टेजचं नाव लावतोस, मी सासरचं. तेव्हा ते पास मी काकांना दिले. त्यांना तू इतका आवडलास, की ते पुढे स्वतः तिकीट काढून दोनदा गेले.

आणि काकांनी साहेबांना काय सांगितलं माहीत आहे? पहिला खेळ पासावर बघितला हे त्यांच्या तोंडून निघून गेलं; पास कुणी दिले विचारलं, तर म्हणाले, "आठवत नाही." ज्या माणसाला एकोणीस वर्षांपूर्वीची फाइल कुठल्या कप्प्यात आहे ते आठवतं! बाहेर पडताना माझ्या टेबलाशी थांबले, पेन मागितलं, वापरलं नाही, परत ठेवलं आणि गेले.

आता तुला जे मी तोंडाने म्हणाले नाही ते लिहिते. तुला हे सगळं मीच सांगितलं. तुलाही ठाऊक, मलाही ठाऊक. साहेबांची नक्कल, तो घुमणारा आवाज, जिना, सगळं माझ्या पत्रांतलं. तू घर सोडून गेलास तेव्हा आठवडाभर जेवत नव्हतास असं कळलं, म्हणून मी तुला हसवायला ऑफिसातल्या गमती लिहायला लागले. जिन्याने चढायचे मी. आधीच्या खेळात तू "एक बाई" म्हणायचास, मला कुणी ओळखू नये म्हणून "माणूस" केलंस. मला वाचवलंस, आणि वड्याचं तेल वांग्यावर निघालं.

पण एक शंका माझ्या डोक्यातून जात नाही, विचारतेच. गेली दोन वर्षं तू प्रत्येक पत्रात लिहितोस, "ताई, ऑफिसात नवीन काय?" भाचीचं विचारत नाहीस, माझी कंबर दुखते ते विचारत नाहीस. तुला माझी पत्रं हवी होती, की माल? रागावू नकोस. रागावलास तर मला वाटेल की खरं आहे.

आणि हेही ऐक. एवढे लोक हसले, पण एकाने तरी येऊन विचारलं का, की बाबांनो, आमची लिफ्ट खरंच तपासलीत का? एकानेही नाही. साहेबांनीही शोधलं ते सांगणाऱ्याला. काय सांगितलंय त्याकडे कुणी ढुंकून बघितलं नाही. मग तुझा विनोद नक्की कुणाच्या कामाला आला?

— ताई

---

१९ फेब्रुवारी

भुंग्या,
हे पत्र पुन्हा बिघडलेल्या दाखल्याच्या पाठीवर लिहितेय. मुद्दाम.

तुझं चार ओळींचं पत्र मिळालं. "ताई, तू गप्प बस, मी तो विनोद सांगणं बंद करतो." वा! म्हणजे साप गेल्यावर भुई धोपटायची. माझ्या शंकेचं उत्तर दिलं नाहीस, फक्त तळाला "कंबर कशी आहे?" असं घातलंस. ते वाचून मी हसले, आणि मग बराच वेळ रडले. कंबर बरी आहे.

काल काय झालं ते सांगते. सकाळी लिफ्टमध्ये फक्त मी आणि मोठे साहेब. बाकीचे साहेबांना बघून म्हणाले, "तुम्ही व्हा पुढे." दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये लिफ्ट हिसका देऊन थांबली. पंखा बंद, दिवा मिणमिणता. साहेबांनी सगळी बटणं दाबली, मग दार बडवलं, मग तोंड वर करून ओरडले, "वर कोणी आहे काऽऽ?" आणि खरंच रे, वरून आवाज आला, "आहे काऽऽ?" बाकी कोणी नाही. जिन्यावर असायला एकच माणूस होता, त्याला यांनी घरी बसवलंय.

साहेबांच्या डोक्यामागे दाखला टांगलेला होता. माझ्या हस्ताक्षरात. हाताने लिहिलेल्यावर लोकांचा विश्वास बसतो, म्हणून साहेब माझ्याकडून लिहून घेतात. 'दोर, कप्पी, दार, सर्व ठीक.' अकरा वर्षं मी 'सर्व ठीक' लिहितेय आणि तुझा विनोद येईपर्यंत अकरा वर्षं जिन्याने चढले. मला वाटायचं, तुझ्या विनोदात हसण्यासारखे साहेब आहेत. तिथे उभ्या उभ्या वाटलं, साहेब तर नुसते ओरडतात, लिहिते मी.

मी म्हटलं, "साहेब, तो विनोदवाला माझा सख्खा भाऊ आहे. सगळं मी सांगितलं. काकांचा काही संबंध नाही."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं आणि हसायला लागले. इतके, की भिंतीला टेकले. "तुम्ही? अहो बाई, त्या दिवशी अख्ख्या खोलीत एकट्या तुम्ही होतात, ज्यांच्या चेहऱ्यावरची सुरकुतीसुद्धा हलली नाही. तुम्हाला विनोद कळतो तरी का?"

"कळतो," मी म्हटलं.

"म्हाताऱ्यासाठी जीव तुटतोय तुमचा, कळतंय मला. पण असलं बोलू नका, दुसऱ्या कुणाला खरं वाटायचं." पंधरा मिनिटांनी वॉचमनने हाताने चाक फिरवून आम्हाला वर घेतलं. मी तेच लेखी दिलं. साहेबांनी वाचून घडी घातली आणि ड्रॉवरमध्ये टाकलं. आता ते हसत नव्हते. त्यांना खरं वाटलंय, असा माझा संशय आहे. पण सापडलेला चोर सोडायचा आणि नवीन धरायचा, त्यात पुन्हा दाखले कुणाच्या अक्षरात आहेत तो प्रश्न निघायचा, एवढा खटाटोप कोण करणार? त्यापेक्षा संन्याशाला फाशी सोपी.

तेव्हा आता तुझ्याशी काम आहे. तू म्हणतोस पत्रं जाळलीस. माझा विश्वास नाही. माल विकणारा माणूस माल जाळत नाही. एवढे दिवस देवाकडे मागत होते की तू खोटं बोललेला नसावास. आज पहिल्यांदा उलटं मागतेय. घुमणाऱ्या आवाजाचं जे पत्र मी तुला लिहिलं होतं, ते तुझ्याकडे असेल तर हे पत्र आणणाऱ्याच्याच हाती लगेच पाठव. अक्षर माझं, मागे ऑफिसचा छापील नंबर, आणि तो दाखला बिघडल्याची नोंद काकांच्या वहीत माझ्या सहीनिशी आहे. ते ड्रॉवरमध्ये जाणार नाही, बावीस तारखेला मी सगळ्यांसमोर वाचून दाखवीन.

खरंच जाळलं असशील, तर एकवीस तारखेला तुझा खेळ आहे. विनोद बंद करू नकोस. सांग. शेवटी "माणूस" म्हणू नकोस, "माझी ताई" म्हण, आणि माझं नाव घे, सासरच्या आडनावासकट. लोक हसतील. हसू देत. मग थांब, आणि म्हण की हे खरं आहे, घरी जाऊन आपापली लिफ्ट बघा. त्यावर कुणी हसलं नाही, तर तुझा खेळ पडेल, याची मला कल्पना आहे. तू स्टेजवर शांततेला किती घाबरतोस तेही ठाऊक आहे. लहानपणी घरात कुणी गप्प झालं की तूच तोंड वेडंवाकडं करायचास.

माझ्या नोकरीचं काय होईल ते होईल. भावजींना सांगितलंय. ते आधी चिडले, मग म्हणाले, "पास तू मला का नाही दिलेस?"

आज सकाळी मी जिन्याने चढले. सगळ्यांच्या देखत. मधल्या मजल्यावर दम लागला तेव्हा ऐकलं, खालून आणखी कुणाची तरी पावलं येत होती. कोण, ते वळून बघितलं नाही.

तुझी सख्खी बहीण,
लिफ्ट तपासणी कार्यालय, तिसरा मजला, खिडकीजवळचं टेबल.