हात अजिबात थरथरत नाही!

५ जानेवारी
सिगरेट सोडली. बंद म्हणजे बंद! सदफनं फोनवर डोकं खाल्लं — लेक पुण्याला नर्सिंग शिकते ना. "अब्बा, धूर ओढला की निकोटिन काही सेकंदांत मेंदूत पोचतं. मेंदूला बरं वाटतं, मग त्याला त्याची सवयच लागते. मिळालं नाही की चिडचिड, थरथर!" असेल दुसऱ्यांना. अख्ख्या भोरात माझ्याइतक्या थंड डोक्याचा न्हावी दाखवा!

६ जानेवारी
बायकोचा चहा बेचव. जमीलाला तसं नीट सांगितलं. कप भिंतीवर आपोआप आपटला.

८ जानेवारी
सलूनमधली गिऱ्हाइकं हल्ली फार हलतात. आज किकवीचे सावळाराम दाढीला बसले. म्हटलं, हलू नका.
"आरं नजीर, म्या कुठं हलतोय? तुजाच हात हलतोय!"
हात अजिबात थरथरत नव्हता. वस्तराच खराब. अर्धी मिशी गेली. अर्धी ठेवणं बरं दिसेना, म्हणून तीही काढली. वर तुरटी फिरवली! तर म्हातारा रडकुंडीला — परवा नातीचं लग्न म्हणे. आमच्या कामाची कदरच नाही लोकांना.

९ जानेवारी
समोरचा टपरीवाला पप्पू म्हणाला, "चाचा, एक झुरका मारा, हात थांबतोय का बगा."
मारला. थांबला!
म्हणजे इतकी वर्षं वस्तरा मी धरतच नव्हतो. सिगरेट धरत होती. उरलेली गटारात फेकली.
सदफला फोन केला. ओरडेल वाटलं. नाही ओरडली. हळू आवाजात म्हणाली, "पहिले दिवस असेच जातात, अब्बा. बोटं उगाच खिशात जातात. काहीतरी घरी विसरून आल्यासारखं वाटत राहतं. जीव लावणाऱ्या माणसाचाच राग येतो. उतरतं हळूहळू."
किती बरोबर! पुस्तकात काय काय लिहितात!

३ फेब्रुवारी
सावळाराम आले. मी माफी मागितली. डोळे मिटून बसले बिचारे, खुर्चीचे हात घट्ट धरून. एक ओरखडा नाही!
घरी चहाला आल्याचा वास आला. जमीलाला म्हटलं, आज आलं घातलंस?
"लग्नापासून घालते."

८ फेब्रुवारी
सदफ आली. दारातच गळ्यात पडली. केसांना सिगरेटचा वास. तिला कळलं, मला कळलंय. मी मिठी सोडली नाही.